इन्शुरन्स आहे, मग कोर्टात कशाला जायचं?

"ताई, माझी एक पिकअप आहे. कराडहून भाजी भरून पुण्याला जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवेलागणीच्या वेळी माझ्या ड्रायव्हरने हायवेवरून शेताच्या रस्त्याला वळायला ब्रेक मारला आणि मागून मोटारसायकल येऊन फाळक्याच्या कोपऱ्याला धडकली. चालवणारा मुलगा २४ वर्षांचा, फॅब्रिकेशनच्या दुकानात कामाला. उजव्या पायात रॉड बसवला. ऑक्टोबरमध्ये त्याने २२ लाखांचा क्लेम लावला. नोटीस आली तेव्हा एजंट म्हणाला, पॉलिसी चालू आहे, कंपनी बघून घेईल. म्हणून मी पहिल्या तारखेला गेलोच नाही. आता कळतंय, कंपनीनेच लिहून दिलंय की ड्रायव्हरच्या लायसनवर ट्रान्सपोर्टची नोंद नाही, म्हणून पैसे मालकाने भरावेत. ड्रायव्हरचं लायसन एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं आहे. आरसीवर गाडीचं भारासह वजन २,९९० किलो लिहिलंय. एजंट म्हणतो, ट्रान्सपोर्टचा बॅज असलेला चुलतभाऊ गाडी चालवत होता असं ॲफिडेव्हिट करू. मोटारसायकलवर तिघं होते, हेल्मेट नव्हतं, मुलाकडे लायसन नव्हतं. त्याचं दवाखान्याचं बिल मेडिक्लेमने भरलंय. आणि क्लेम सहा महिने उलटून गेल्यावर लावलाय. हे सगळं आमच्या बाजूचं आहे ना? खरं सांगतो, आमच्या गाडीचा मागचा एक दिवा त्या दिवशी लागत नव्हता. माझी दीड एकर जमीन आहे, तीच जाईल या भीतीने झोप लागत नाही. मुलाला भेटून यावंसं वाटतं, पण सगळे म्हणतात, गेलास तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल." (एक गाडीमालक, कराड तालुका)

नमस्कार भाऊ,

आधी तारखेचं बोलते, बाकी सगळं नंतर. हे वाचून झालं की वकील गाठा आणि पुढच्या तारखेला वकीलपत्र दाखल करा. पहिल्या तारखेला न गेल्यामुळे तुमच्याविरुद्ध एकतर्फी चालवण्याचा हुकूम झाला असेल, तर तो रद्द करून लेखी कैफियत, म्हणजे क्लेमला तुमचं लेखी उत्तर, घ्यावी असा अर्ज त्याच दिवशी द्यायचा. पुरावा सुरू व्हायच्या आत आलेल्या माणसाला न्यायाधिकरण (अपघाताचे क्लेम चालवणारं कोर्ट) सहसा परत पाठवत नाही. फार तर थोडा खर्च बसवतं. उशिराचं कारण खरं ते लिहा. एजंटने सांगितलं म्हणून आलो नाही, हेच लिहा.

"कंपनी बघेल" या एका वाक्याने आपल्याकडच्या किती गाडीमालकांचं वाटोळं केलं आहे, हे मी वीस वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात पाहते आहे. कंपनीचा वकील हा कंपनीचा वकील असतो. मुलाला देण्याची रक्कम कमी व्हावी, इथपर्यंत तुमची आणि त्याची वाट एक. लायसनचा मुद्दा निघाला की तो तुमच्यासमोर उभा राहतो. त्याचं ते कामच आहे, त्याचा राग धरू नका, पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका. तुमच्यासाठी बोलणारा माणूस त्या खोलीत दुसरा कोणीही नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर तिथून वकील मिळतो.

आता लायसन. तुमची झोप ज्याने उडवली आहे तोच मुद्दा आज तुमच्या बाजूने सगळ्यात पक्का आहे, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. एलएमव्ही लायसनवर मालवाहू पिकअप चालवता येते की वेगळी नोंद लागते, हा वाद देशभरातल्या न्यायाधिकरणांमध्ये वर्षानुवर्षं चालू होता. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी वेगळी नोंद लागत नाही असं म्हटलं. विमा कंपन्यांना ते पटलं नाही, आणि प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी या निकालात घटनापीठाने तो मिटवला: ज्या गाडीचं भारासह एकूण वजन ७,५०० किलोच्या आत आहे, ती ट्रान्सपोर्टची असली तरी एलएमव्ही लायसनवर चालवता येते, वेगळ्या नोंदीची गरज नाही. एलएमव्ही लायसनवाल्यांनी अशा गाड्या चालवल्यामुळे अपघात वाढतात, अशी आकडेवारी कोणी समोर आणली नाही, हेही कोर्टाने नोंदवलं. धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तुमची गाडी २,९९० किलोची, त्यात भाजी. अपघात निकालानंतरचा आहे, पण त्याने फरक पडत नाही.

त्या २,९९० आकड्याचा आणखी एक उपयोग आहे. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. उद्या कंपनीने "परमिटही नव्हतं" असं म्हटलं तर आरसीच पुढे करायची. फिटनेसला मात्र ही सूट नाही. ते अपघाताच्या दिवशी चालू होतं का ते आजच बघा, आणि नसेल तर वकिलापासून लपवू नका.

पण भाऊ, हा निकाल कोर्टात आपोआप लागू होत नाही. २०१८ मध्ये पप्पू विरुद्ध विनोदकुमार लांबा या प्रकरणात मालक आले, पण ड्रायव्हर कोण आणि त्याचं लायसन कुठे, हे त्यांनी नीट पुढे आणलंच नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लायसन आधी मालकाने दाखवायचं, मग ते खोटं ठरवायची जबाबदारी कंपनीवर येते. तिथे कंपनीला आधी पैसे द्यायला लावले आणि ते मालकाकडून वसूल करायची मोकळीक दिली. यालाच आमच्याकडे "पे अँड रिकव्हर" म्हणतात. हे दोन शब्द मालकाला फार उशिरा कळतात. जखमी माणसाला पैसे मिळतात, सगळे सुटले असं वाटतं, आणि वर्ष-दीड वर्षाने कंपनी वसुलीला येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खाली न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला पाठवू शकतं, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. सातबाऱ्यावर बोजा चढतो तो असा.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक दूधवाले गृहस्थ आले होते. हातात तहसीलची नोटीस, सोबत बायको. एकाही तारखेला गेले नव्हते, त्यांनाही कोणीतरी सांगितलं होतं कंपनी बघेल. मी विचारलं, ड्रायव्हरचं लायसन होतं का? ते म्हणाले, काय ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्या बाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. वर रेशनकार्ड, त्याखाली मुलांचे दाखले, आणि तळाशी ड्रायव्हरच्या लायसनची झेरॉक्स, दोन्ही बाजूंची, कामावर ठेवताना घेतलेली. अपघाताच्या दिवशी चालू असलेलं लायसन. तो कागद पूर्ण वेळ घरात होता. हुकूम रद्द करून घेऊन तो कागद पुराव्यात निशाणीला लावायला आम्हाला तीन वर्षं लागली, आणि तेवढ्यात त्यांनी दोन म्हशी विकल्या होत्या.

म्हणून तुमच्या घरातला डबा आज उघडा. आरसी, पॉलिसीची पानं सगळी, फिटनेस, टॅक्स, आणि ड्रायव्हरचं लायसन. ड्रायव्हर अजून तुमच्याकडेच कामाला असेल तर मूळ लायसन बघून फोटो काढून ठेवा. काम सोडून गेला की माणूस सापडत नाही. लायसनवर दोन गोष्टी तपासा: एलएमव्ही कधी मिळालं आणि मुदत कधीपर्यंत. मुदतीचं महत्त्व फार आहे. २०२० च्या बेली राम प्रकरणात लायसन संपून तीन वर्षं झाली तरी मालकाने नूतनीकरण झालं का ते पाहिलं नव्हतं, आणि कोर्टाने मालकालाच जबाबदार धरलं. याउलट लायसन दिसायला नीट आहे, माणूस गाडी बरी चालवतो, एवढं बघून ठेवलेल्या ड्रायव्हरचं लायसन पुढे खोटं निघालं तर मालकाला धरता येत नाही. प्रत्येक लायसन आरटीओत जाऊन पडताळायची अपेक्षा मालकाकडून करता येत नाही, असं ३० ऑक्टोबर २०२३ च्या इफको टोकियो विरुद्ध गीता देवी निकालात म्हटलं आहे. पाया २००४ च्या स्वर्णसिंग निकालाचा: अटीचा भंग मालकाच्या जाणूनबुजून चुकीने झाला, हे कंपनीने सिद्ध करायचं. त्यासाठी तिला आरटीओचा माणूस साक्षीला बोलवावा लागतो. नुसतं कैफियतीत लिहून भागत नाही.

चुलतभावाचं ॲफिडेव्हिट करू नका. हे मी विनंती म्हणून सांगत नाही. पोलिसांच्या कागदात ड्रायव्हरचं नाव आलंच आहे. उलटतपासात दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला ते ॲफिडेव्हिट कोसळतं, आणि त्या क्षणी खरं लायसन असूनही तुमच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. वर न्यायालयात खोटा पुरावा देण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्या अडचणीसाठी हा खोटेपणा सुचवला जातोय, ती अडचण नोव्हेंबर २०२४ मध्येच संपली आहे. तो एजंट तुमच्या काळजीने बोलत असेलही, पण या प्रकरणात त्याचा सल्ला घेणं थांबवा.

आता मुलाच्या चुकीचं. तुम्ही चार गोष्टी लिहिल्या: मागून धडकला, तिघं होते, हेल्मेट नव्हतं, लायसन नव्हतं. एकेक बघू. लायसन नसणं हा त्याचा वेगळा गुन्हा आहे, पण म्हणून अपघातात त्याची चूक आपोआप धरली जात नाही. हे सुप्रीम कोर्टाने सुधीरकुमार राणा प्रकरणात २००८ मध्ये सांगितलं. तिघं बसले म्हणूनही नाही. ट्रिपल सीटमुळे तोल गेला, ब्रेक लागला नाही, म्हणजे त्याचा अपघाताशी संबंध होता हे दाखवावं लागतं. हा २०२० चा मोहम्मद सिद्दिक निकाल. तुमच्या प्रकरणात तो संबंध जोडता येईल कदाचित, कारण तीन माणसांच्या वजनाने ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, आणि हा प्रश्न वकिलाने उलटतपासात विचारायलाच हवा. हेल्मेटचं मात्र सोडून द्या. पायाला लागलंय. न्यायाधीशांसमोर हेल्मेटचा विषय काढलात तर तुमच्या चांगल्या मुद्द्यांचंही वजन जाईल.

मागून धडकला, हा मोठा मुद्दा आहे, पण तुम्हाला वाटतो तितका एकतर्फी नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर कोईमतूरच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचं प्रकरण आलं. पुढच्या कारने हायवेवर अचानक ब्रेक मारला, हा मोटारसायकलवरून मागून धडकून पडला आणि मागच्या बसखाली त्याचा पाय गेला. कारवाल्याने सांगितलं, गरोदर बायकोला उलटीसारखं झालं म्हणून थांबलो. कोर्टाने म्हटलं, हायवेवर गाड्या वेगातच असतात. थांबायचं तर मागच्याला इशारा द्यायलाच हवा. कारवर ५० टक्के, बसवर ३० टक्के आणि अंतर न राखल्याबद्दल त्या मुलावर २० टक्के जबाबदारी टाकली. तुमच्या ड्रायव्हरने वळायला ब्रेक मारला, वेळ दिवेलागणीची आणि मागचा एक दिवा बंद. सगळी चूक मुलाची असं ठरेल, ही आशा ठेवू नका. त्याच्यावर काही टक्के पडतील असा प्रयत्न करणं योग्य आहे, आणि तो प्रामाणिकपणे करता येतो. इंडिकेटर दिला होता का, तो चालू होता का, ब्रेकच्या खुणा किती लांब, धडक फाळक्याच्या कोणत्या कोपऱ्याला, हे सगळं घटनास्थळ पंचनाम्यात आणि मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालात असतं. त्या दोन्हींच्या नकला काढा. दिव्याचं निरीक्षकाने लिहिलं असेल तर नाकारू नका. कोणी विचारलं तर खरं सांगा. एक दिवा बंद होता, दुसरा चालू होता, हेही खरंच आहे आणि तेही सांगा.

सहा महिन्यांच्या मुदतीवर भिस्त ठेवू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये आलेली ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि तिच्याविरुद्ध याचिका सुप्रीम कोर्टात गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की या याचिकांचा निर्णय होईपर्यंत केवळ मुदत संपली म्हणून कोणाचाही क्लेम फेटाळू नये. कैफियतीत एक ओळ लिहून ठेवायला हरकत नाही, पण त्यावर वेळ घालवू नका. मेडिक्लेमचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं की माणसाने स्वतः हप्ते भरून घेतलेल्या मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा होत नाहीत. मला हे न्याय्यच वाटतं. हप्ता त्याने भरला, फायदा आपल्याला कसा?

२२ लाखांचा आकडा बघून घाबरू नका. अर्जात लिहिलेला आकडा आणि मिळणारा आकडा यात बरंच अंतर असतं. हिशेब साधारण असा होतो. समजा मुलाची कमाई महिना १५,००० धरली. चाळिशीच्या आतला, पक्की नोकरी नसलेला, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले, तर २१,००० होतात; हा दर २०१७ च्या प्रणय सेठी निकालातला. वर्षाचे २,५२,०००. चोवीस वर्षांच्या वयाला गुणक (वर्षाची कमाई ज्याने गुणायची तो वयावरून ठरलेला आकडा) १८, म्हणजे ४५,३६,०००. आता कमाईची क्षमता किती टक्के गेली, त्याने याला गुणायचं. ३० टक्के धरली तर १३,६०,८००. १५ टक्के धरली तर ६,८०,४००. वर औषधोपचार, वेदना, वगैरे. म्हणजे सगळा खेळ त्या टक्केवारीचा. २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात हे फार सुंदर समजावलं आहे: दाखल्यावर पायाचं अपंगत्व ४५ टक्के लिहिलं म्हणजे अख्ख्या शरीराचं ४५ टक्के नव्हे, आणि शरीराचं अपंगत्व म्हणजे कमाईचं नुकसानही नव्हे. ते त्या माणसाच्या कामावरून ठरतं. डावा हात गेलेल्या ड्रायव्हरचं किंवा सुताराचं जवळजवळ सगळं जातं, टेबलावर बसणाऱ्या कारकुनाचं तसं नाही. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना कोर्टात बोलावून हे विचारणं तुमच्या बाजूचं हक्काचं काम आहे. पण तो मुलगा फॅब्रिकेशनवाला आहे. शिडीवर चढणं, उकिडवं बसून वेल्डिंग करणं. पायात रॉड घेऊन त्याला ते जमेल का, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही कळतं. त्याला वाजवी भरपाई मिळू नये यासाठी तुम्ही लढायचं नाही. ती कंपनीने भरावी, यासाठी तुम्ही वर्षाला हप्ता भरत होता.

लोकअदालतीत तडजोड होण्याची शक्यता चांगली आहे. कंपनी आणि मुलगा आकड्यावर आले की तुम्हालाही सहीला बोलावतील. तिथे घाई करतात, गर्दी असते, पुरसीस (तडजोडीचा लेखी कागद) पुढे सरकवून "इथे सही करा" म्हणतात. ती ओळन् ओळ वाचा. "मालकाकडून वसुलीचा हक्क राखून" असं कुठे असेल तर सही करू नका. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही. निकाल न्यायाधिकरणाकडून विरुद्ध लागला तर गोष्ट वेगळी: ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील, आणि ते करताना २५,००० रुपये किंवा ठरलेल्या रकमेच्या निम्मे, यातलं जे कमी ते भरायचं. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सातारा जिल्हा त्यात आहे.

मुलाला भेटायला जायचं म्हणता. जा. विचारपूस करणं म्हणजे कबुली नव्हे. एवढंच सांभाळा की चूक कोणाची, केस मागे घेणार का, किती पैसे हवेत, यातलं काहीही तोंडून निघू देऊ नका. पॉलिसीतच अट असते की कंपनीला विचारल्याशिवाय मालकाने कोणाला पैसे कबूल करायचे नाहीत. कोणी कागद पुढे केला तर सही नको. गावातलं दोघांनाही मानणारं एखादं वडीलधारं माणूस बरोबर घ्या, त्याच्या आईवडिलांशी दोन शब्द बोला, आणि त्यांना तुम्ही आलेलं आवडलं नाही असं दिसलं तर नमस्कार करून परत या. ड्रायव्हरला मात्र सोबत नेऊ नका. त्याच्यावर फौजदारी केस असणार, त्याने भेटायचं की नाही हे त्याच्या वकिलाला विचारूनच ठरवावं.